खाली पार्किंग, वर फ्लॅट: कॉलम तपासताना काय बघतात

‘बडोद्याला कुठला भूकंप?’ हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये हमखास ऐकू येतं. आयएस १८९३ या भारतीय भूकंप-मानकाच्या २०१६च्या नकाशात बडोदे झोन ३मध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. दक्षिणेला नर्मदेचा भ्रंश, म्हणजे जमिनीखालच्या खडकातली मोठी भेग; भरूचचा १९७०चा ५.४ तीव्रतेचा भूकंप त्याच पट्ट्यातला. आणि २६ जानेवारी २००१च्या भूकंपात केंद्र कच्छमधल्या भचाऊजवळ असताना दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती बसल्या. त्यांतल्या बऱ्याच खाली मोकळं पार्किंग असलेल्या.

वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींचा आधार असतो. पार्किंगला तो नाही, म्हणून भूकंपात सगळा हेलकावा तिथल्याच कॉलमांच्या दोन टोकांवर येतो.

हॅमर टेस्टचा (काँक्रीटवर हातोडी-यंत्र आपटून मजबुतीचा अंदाज घेण्याचा) आकडा पृष्ठभागाजवळच्या काँक्रीटचा. नुसत्या त्यावर सर्टिफिकेट देणाऱ्यापासून जपून. आम्ही तपासणारे दोन-तीन कॉलमांचं कव्हर (सळयांवरचा काँक्रीटचा थर) बुडाशी फोडून रिंगा, म्हणजे उभ्या सळयांना वेढणाऱ्या आडव्या सळया, बघतो. रिंगेचं टोक १३५ अंशांत आत वळलेलं हवं, वळणापुढे निदान ६५ मिमी. ९० अंशांचा हूक असेल तर कव्हर उडताच रिंग उघडते आणि सळया बाहेर फुगतात. टोकांजवळ रिंगांमधलं अंतर १०० मिमीच्या आत हवं; जुन्या कामांत सहसा खालपासून वरपर्यंत एकच अंतर सापडतं. सळयांचा जोडही कॉलमच्या मधल्या भागात असायला हवा, पण सोयीसाठी तो स्लॅबच्या लगेच वर दिलेला असतो. फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन मारतो: गुलाबी झालं तर ठीक, रंग आलाच नाही तर तिथल्या काँक्रीटने गंज रोखायची ताकद गमावली आहे.

(खिडकीच्या कोपऱ्यातली तिरपी चीर उन्हाळ्यात रुंदावून पावसाळ्यात मिटत असेल, तर ती बहुधा आपल्या काळ्या मातीची करामत.)

कॉलम कमकुवत निघाले तर एक उपाय जॅकेटिंगचा, म्हणजे कॉलमभोवती नव्या सळया आणि काँक्रीट चढवण्याचा. त्यात चारही बाजूंनी निदान १०० मिमी काँक्रीट वाढतं. म्हणजे २३० × ४५० मिमीचा कॉलम ४३० × ६५०चा होतो; गाड्या बसतील का ते आधीच मोजा. नव्या सळया पायापासून निघून स्लॅबला भोकं पाडून वर गेल्या पाहिजेत. स्लॅबखाली थांबवलेलं जॅकेट नुसता जाड गिलावा, आणि स्वस्त कोटेशनमध्ये नेमकी हीच भोकं गाळलेली असतात. दुसरा उपाय आरसीसी भिंतींचा: दोन्ही दिशांना आणि समोरासमोर. एकट्या लिफ्टच्या बाजूला घातल्या तर इमारत पिळवटते.

मूळ स्ट्रक्चरल ड्रॉइंग्ज शोधून ठेवा. ती नसतील तर प्रत्येक कॉलमच्या सळया कव्हर मीटरने (न फोडता आतली सळई शोधणाऱ्या यंत्राने) शोधाव्या लागतात. दिवसही वाढतात, बिलही.