अंडी थांबली म्हणजे कोंबडी बिघडली नव्हे

दसरा झाला की रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या वाड्यांमधून एक तक्रार हमखास कानावर येते. चांगली अंडी देणारी गावठी कोंबडी अचानक थांबली, मान उघडी पडली, शेपूट गेलं, खळ्यात सगळीकडे पिसंच पिसं. कोणी म्हणतं नजर लागली, कोणी म्हणतं रोग शिरलाय, बाकीच्यांना लागायच्या आत कापून टाका. अशा कितीतरी धडधाकट कोंबड्या या दिवसांत विनाकारण सुरीखाली जातात. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीच्या वाट्याला वेगळाच छळ येतो. खुराड्यात ठाण मांडून बसलेली, हात नेला की फुलून टोचणारी ही कोंबडी हट्टी ठरते. मग तो हट्ट मोडायला तिला बादलीत बुचकळतात, काही ठिकाणी तर नाकपुडीतून पीस आरपार खोवतात.

खुडूक होणं हा हट्ट नाही आणि पिसं झडणं हा रोग नाही. दोन्ही वेळा कोंबडीचं शरीर अंडी घालायचं काम थांबवून दुसऱ्या कामाला लागलेलं असतं. हा बदल शरीरात कसा घडतो ते कळलं, तर बादली आणि पीस दोन्हींची गरज उरत नाही.

आधी खुडूक कोंबडी. तिला संध्याकाळी अलगद उचलून पोटाखाली बोटं लावून पाहा. तिथली पिसं विरळ झालेली असतात, कातडी उघडी, गरम आणि किंचित सुजल्यासारखी लागते, कारण त्या जागी रक्तवाहिन्या वाढलेल्या असतात. हा उघडा पट्टा अंड्यांना ऊब देतो, हे सहज लक्षात येतं. पण मला जास्त विलक्षण वाटतं ते त्याचं दुसरं काम. तो अंड्यांचा स्पर्श टिपतो आणि मेंदूला कळवतो.

हा संदेश मज्जातंतूंवाटे मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसपर्यंत जातो. तिथल्या काही पेशी व्हॅसोअ‍ॅक्टिव्ह इन्टेस्टिनल पेप्टाइड नावाचा एक छोटा रेणू सोडतात. संशोधक त्याला व्हीआयपी म्हणतात. व्हीआयपी शेजारच्या पीयूषिका ग्रंथीला पोचला की ती प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रक्तात सोडू लागते. प्रोलॅक्टिन वाढलं की अंडाशयाला चालना देणारं एलएच हे संप्रेरक घटतं, अंडाशय आक्रसतं आणि अंडी बंद होतात. त्याच वेळी कोंबडीची बसण्याची ओढ वाढते. ती जास्त बसते, म्हणून पोटाला जास्त स्पर्श होतो, म्हणून प्रोलॅक्टिन आणखी वाढतं. अंडी आहेत आणि स्पर्श आहे तोवर हे चक्र आपणच आपल्याला फिरवत राहतं.

हा नुसता तर्क नाही. १९३५ साली अमेरिकेत ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी देणाऱ्या कोंबड्यांना प्रोलॅक्टिन टोचलं, आणि त्या खुडूक झाल्या. पुढे टर्कींवर झालेले प्रयोग तर फारच बोलके आहेत. व्हीआयपीविरुद्ध लस देऊन तो रेणू निष्प्रभ केला, तर टर्कीच्या माद्या खुडूक होत नाहीत. पोटाच्या त्या पट्ट्याचे मज्जातंतू निकामी केले, तर माद्या घरट्यात ये-जा करतात, पण खुडूकपणा रुजत नाही. आणखी एक गंमत म्हणजे माणसासकट सगळ्या सस्तन प्राण्यांत प्रोलॅक्टिन मुख्यतः डोपामाइनने दाबून धरलेलं असतं, तो दाब सैल झाला की ते वाढतं. पक्ष्यांत मात्र ते व्हीआयपीने सतत पुढे रेटावं लागतं. रेटा थांबला की प्रोलॅक्टिन झपाट्याने उतरतं.

म्हणजे रेटा थांबवणं हाच इलाज. पिल्लं नको असतील, तर कोंबडीला खाली जाळी असलेल्या पिंजऱ्यात, जमिनीपासून हातभर उंचावर ठेवा. पेंढा नको, तूस नको, अंडं तर नकोच. खालून वारा लागला पाहिजे, उजेड हवा, दाणापाणी समोर हवं. पोटाला ना स्पर्श मिळतो ना ऊब साठते. बसायला नुकतीच सुरुवात झाली असेल, तर तीन-चार दिवसांत ती पिंजऱ्यात उभी राहून फिरू लागते. जुनी खुडूक असेल तर थोडे दिवस जास्त लागतात. अंडाशय पुन्हा कामाला लागायला मात्र आणखी दोन-तीन आठवडे जातात, तेवढा धीर धरावा. पाण्यात बुचकळल्याने पोट घडीभर गार होतं, पण खुराड्यात परत सोडली की ती तासाभरात पुन्हा बसते, आणि पावसाळ्यात ओली कोंबडी गारठून आजारी पडू शकते. नाकातल्या पिसाने फक्त वेदना आणि जखम होते. तो प्रकार बंदच व्हायला हवा.

पिल्लं हवी असतील तर खुडूक कोंबडीसारखं यंत्र नाही. गावठी कोंबडीखाली दहा-बारा अंडी मावतात आणि २१ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. कोकणात घोटाळा होतो तो अंडी साठवताना. साधारण २१ अंश सेल्सिअसच्या वर अंड्यातला गर्भ हळूहळू जागा होऊ लागतो. एप्रिलमध्ये पडवीत ठेवलेली अंडी धड उबतही नाहीत आणि धड झोपलेलीही राहत नाहीत, गर्भ दुबळा होतो. म्हणून रवणीला, म्हणजे उबवायला, ठेवायची अंडी माठाजवळच्या गार जागी, न धुता ठेवावीत, आणि आठवड्याच्या आतलीच वापरावीत. बसलेली कोंबडी दिवसातून एखाद्याच वेळी पंधरा-वीस मिनिटं उठते. त्या वेळी दाणे, पाणी आणि अंग घोळवायला राख मिसळलेली कोरडी माती जवळच असू द्या. ती एरवी धूळस्नान करत नसल्याने तिच्या अंगावर उवा फार लवकर वाढतात.

आषाढात ढग गडगडले की उबवायची अंडी बाद होतात असं मानून घरट्यात लोखंडाचा तुकडा ठेवतात. अंडी बाद होण्याचा अनुभव खरा आहे, कारण चुकीचं आहे. उबताना अंड्यातलं पाणी कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून उडून त्याचं वजन सुमारे १२ टक्क्यांनी घटावं लागतं. त्यातूनच बोथट टोकाकडची हवेची पोकळी मोठी होते आणि पिल्लू कवच फोडण्याआधी पहिला श्वास त्या पोकळीत घेतं. आषाढातल्या दमट हवेत, ओल्या खुराड्यात पाणी पुरेसं उडत नाही, पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू आतच गुदमरतं. लोखंडाऐवजी घरट्याखाली कोरडं तूस घाला, खुराड्याला वर झडप ठेवून हवा खेळती करा.

आता पिसं. कोंबडीला दिवसाची लांबी कळते ती केवळ डोळ्यांनी नाही. १९३५ मध्येच फ्रान्समध्ये झाक बेन्वा यांनी दृष्टी गेलेल्या बदकांवर दाखवून दिलं की त्यांची जननेंद्रियं उजेडाला तरीही प्रतिसाद देतात. पातळ कवटीतून आत शिरणारा उजेड टिपणाऱ्या पेशी खुद्द पक्ष्याच्या मेंदूत असतात. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे जूनमधला दिवस तेरा तासांहून थोडा मोठा आणि डिसेंबरमधला सुमारे अकरा तासांचा. फरक दोनच तासांचा, पण घटता दिवस अंडाशयाची चालना कमी करतो आणि पिसं बदलायला वाट मोकळी होते. तीव्र उष्मा, उपासमार किंवा पाणी न मिळणं यांनीही अवेळी पिसं झडतात, आणि पिल्लं मोठी केल्यावरही पुष्कळ कोंबड्या पिसं टाकतात.

पीस म्हणजे जवळजवळ सगळं केराटिन, म्हणजे प्रथिन, आणि त्याला गंधकयुक्त अमिनो आम्लं भरपूर लागतात. अंड्यालाही प्रथिनंच लागतात. ज्या वर्षी घर शाकारायला काढलं, त्याच महिन्यात शहाणा माणूस घरात लग्न ठरवत नाही, तसं कोंबडीचं शरीर ही दोन खर्चिक कामं सहसा एका वेळी काढत नाही.

पंख उलगडून पाहिला तर हे काम किती पुढे गेलंय तेही वाचता येतं. पंखाच्या मधोमध एक आखूड पीस असतं. त्याच्या बाहेरच्या अंगाला उडायची मोठी पिसं साधारण दहा. ती आतून बाहेरच्या क्रमाने झडतात आणि प्रत्येक नवं पीस पूर्ण वाढायला सुमारे सहा आठवडे घेतं. जी कोंबडी दोन-तीन पिसं एकदम टाकते ती लवकर आटोपते, आणि बहुतेक वेळा तीच चांगली अंडी देणारी असते. एकेक पीस पंधरवड्याने टाकणारीला पाच-सहा महिने लागू शकतात. म्हणजे अंगभर बोडकी, केविलवाणी दिसणारी कोंबडीच ठेवण्यासारखी असते, आणि लोक नेमकी तिलाच आधी कापतात.

तांदळाच्या कणीत प्रथिनं जेमतेम ७-८ टक्के. पिसं येताना खाण्यात ती १८ टक्क्यांच्या आसपास हवीत. आपल्याकडे उपाय घरातच आहे: बिनमिठाचा सुका जवळा कुटून कोंड्यात मिसळा. खारवलेली मासळी देऊ नका, जास्त मीठ कोंबडीला विषासारखं बाधतं. पिसं आणणाऱ्या टॉनिकच्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत, चमचाभर टॉनिकातून पिसांभर प्रथिन येत नाही. वाढत्या कोवळ्या पिसात रक्त असतं, ते दुखावतं, म्हणून या दिवसांत कोंबडीला कमीत कमी हाताळा.

रोगाची शंका आली तर कोंबडीच्या अंगाच्या दोन्ही बाजू ताडून पाहा. झडणं दोन्हीकडे सारखं, उघड्या जागी नवे कोंब फुटलेले, डोळा तरतरीत, दाणा टिपतेय, तर ती पिसंच बदलतेय. फक्त पाठ उघडी असेल तर ते कोंबड्याच्या नखांचं काम. हिरवट पातळ शिट, वाकडी मान, घरघरता श्वास दिसला तर राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाचा संशय धरून तिला वेगळी करा आणि पशुवैद्यकाला बोलवा.

अंडी बंद असताना चुन्याची जादा गरज नसते. फिका, आकसलेला तुरा पुन्हा लाल होऊ लागला की कालवांच्या किंवा तिसऱ्यांच्या शिंपांचा चुरा वेगळ्या करवंटीत ठेवायला सुरुवात करा. खाण्यात मिसळू नका, लागेल तेवढा ती स्वतः टिपते. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं, आणि विश्रांतीनंतर येणाऱ्या अंड्यांचं कवच आधीपेक्षा टणक असतं.