‘नो-बजेट’ स्लॅशर : पैसा नाही म्हणजे कोणाचा नाही?

गंगापूर धरणाच्या अलीकडे, द्राक्षबागांना लागून असलेल्या एखाद्या बंद बंगल्यात रात्री मुखवटा चढवून सुरा परजणारा माणूस दिसला, तर घाबरू नये. शूटिंग चालू असतं. स्लॅशर, म्हणजे मुखवट्यातला खुनी एकेकाला गाठून मारतो तसला भयपट, बिनपैशाने करायचा ही नाशिकच्या पोरांची हौस मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाढवली खरी, पण ती त्याच्याही आधीची आहे.

घोळ आहे तो ‘नो-बजेट’ या शब्दात. या मंडळींचं आराध्यदैवत म्हणजे १९७८चा अमेरिकी स्लॅशर ‘हॅलोविन’. त्यातला मुखवटा दुकानात मिळणारा, एका टीव्ही मालिकेतल्या कॅप्टनच्या चेहऱ्याचा. दोनेक डॉलरांत आणला आणि पांढरा रंगवला. गोष्ट ऑक्टोबरमधली आणि चित्रीकरण वसंतात, म्हणून पानगळ दाखवायला कागदी पानं रंगवून पसरली, शॉट झाला की गोळा करून पुन्हा वापरली. हे किस्से इथे तोंडपाठ असतात. पण त्या चित्रपटाला सव्वातीन लाख डॉलरच्या आसपास खर्च आला होता आणि तो पॅनाव्हिजनच्या महागड्या सिनेमा-भिंगांवर चित्रित झाला होता, हे सोयीस्कर विसरलं जातं. तो कमी खर्चाचा होता, बिनखर्चाचा नव्हता. २०२२च्या ‘टेरिफायर २’चंही तेच. अडीच लाख डॉलरांत झाला, कोटीहून जास्त डॉलर कमावले आणि पुन्हा ‘बघा, काहीच नसताना!’ सुरू झालं.

खरा नो-बजेट म्हणजे बंगला मामाचा, जनरेटर मांडववाल्या मित्राचा, रात्रीची मिसळ दिग्दर्शकाच्या आईकडून आणि आठ रात्री जागणारी सगळी मंडळी फुकट. हिशेबात हे शून्य दिसतं, कारण ते कोणी लिहितच नाही. ‘बजेट नव्हतं’ हे वाक्य पुढे ढाल म्हणूनही कामाला येतं. कथा लंगडी का? बजेट नव्हतं. कागदावर कथा नीट करायला किती पैसे लागतात?

या जिल्ह्याला बिनपैशाच्या सिनेमाचं नवल नसावं. पहिला भारतीय कथापट करणारे गृहस्थ जन्मले त्र्यंबकेश्वरी, पुढे १९१३ साली कंपनी घेऊन नाशकात आले. तेव्हा तर नुसतं कॅमेऱ्याचं हँडल फिरवणंच धाडस होतं, पण तो विषय निराळा. जवळचा वारसा मालेगावचा. यंत्रमागाच्या त्या गावात २०००च्या आसपास हिंदी चित्रपटांच्या नकला निघाल्या. ट्रॉलीच्या जागी सायकल, क्रेनच्या जागी बैलगाडी. त्या विनोदी होत्या, त्यामुळे फाटकेपणा पचून गेला. भीतीला ती सवलत नाही. प्रेक्षक चुकीच्या जागी हसला की खून वाया जातो.

परदेशात हा प्रकार व्हिडिओ कॅसेटवर वाढला. १९८५चा ‘ब्लड कल्ट’ तर व्हिडिओवरच चित्रित होऊन थेट कॅसेटच्या दुकानांत गेला. आपल्याकडे तेव्हा व्हिडिओ पार्लरमध्ये हवेल्या आणि भुतं चालत. सुरेवाला माणूस फारसा नव्हता. नंतर २००८पासून फोटोच्या कॅमेऱ्यात चांगला व्हिडिओ आला, मग मोबाइल, आणि चित्रपटगृहाचा व सेन्सॉरचा रस्ता टाळून थेट इंटरनेटवर टाकायची सोय झाली.

ओढ कशाची? माझ्या मते ओळखीच्या जागेची आणि अनोळखी चेहऱ्यांची. नटी नावाजलेली असली की ती शेवटपर्यंत जगणार हे पोस्टरवरच कळतं. इथे कोणीही मरू शकतं. शिवाय आपण रोज ज्या बांधावरून जातो तिथे प्रेत पडलेलं पाहणं ही मजा मोठा स्टुडिओ देऊ शकत नाही.

उणिवांत पहिला नंबर आवाजाचा. चित्र अंधारात खपतं, पुष्कळदा अंधारामुळेच बरं दिसतं. आवाज खपत नाही. लग्नसराईत लॉन्सवरचा डीजे दोन किलोमीटरवरून किंकाळीत मिसळतो. डबिंगला पुन्हा सगळ्यांना जमवायचं, तोवर एकाला पुण्यात नोकरी लागलेली असते. दुसरी उणीव लांबीची. पंधरा मिनिटांचा ऐवज दीड तास ताणायचा म्हणून पात्रं टॉर्च घेऊन नुसती चालत राहतात. रक्ताचं मात्र बरं जमतं. साखरेचा पाक, खायचा लाल रंग, रंग गडद व्हायला चिमूटभर कॉफी. दोन टेकनंतर प्रेताला मुंग्या लागतात आणि प्रेत हलतं. कापडही धुऊन निघत नाही, त्यामुळे तिसरा टेक नसतो.