हे वाचून बघ: पुस्तकं सुचवण्यामागचा इतिहास

नवव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये फोटिओस नावाचा एक विद्वान राजाच्या कामगिरीवर परमुलखात जायच्या तयारीत होता. पुढे हाच माणूस तिथल्या चर्चचा प्रमुख झाला. निघण्यापूर्वी त्याचा भाऊ तारासिओस याने त्याच्याकडे एक मागणी केली. माझ्या गैरहजेरीत तुम्ही मंडळींनी जी पुस्तकं वाचली, त्यांत काय होतं ते मला लिहून दे. फोटिओसने ते मनावर घेतलं आणि सुमारे २८० नोंदींचा मोठा ग्रंथ तयार झाला. काही नोंदी दोन-चार ओळींत आटोपलेल्या, काही पानांमागून पानं चाललेल्या. लेखक कोण, विषय काय, भाषा सोपी की बोजड, काय पटलं आणि काय नाही, हे तो मोकळेपणाने सांगत जातो. विषयवार मांडणी केलेली नाही. जसं आठवलं तसं लिहिलं आहे.

आपल्याला जवळची वाटेल अशी एक नोंद त्यात आहे. क्टेसिअस हा पर्शियाच्या दरबारातला ग्रीक वैद्य, फोटिओसच्या बाराशेहून अधिक वर्षं आधीचा. त्याने भारतावर एक पुस्तक लिहिलं होतं, तेही भारतात पाऊल न टाकता, बहुतेक ऐकीव माहितीवर. माणसासारखं तोंड आणि विंचवासारखी नांगी असलेला हिंस्र पशू त्यात आहे, अंगात विलक्षण गुण असलेले झरे आहेत. फोटिओस या साऱ्याचा गोषवारा देतो, लेखकाची भाषा साधी आणि स्वच्छ असल्याचं सांगतो, आणि शेवटी हेही नोंदवतो की या दंतकथा लेखक अगदी खऱ्या म्हणून सांगतो, काही तर डोळ्यांनी पाहिल्याचा दावा करतो. क्टेसिअसचं मूळ पुस्तक आज उपलब्ध नाही. त्यात काय होतं हे आपल्याला कळतं ते मुख्यतः एका भावाने दुसऱ्या भावासाठी लिहिलेल्या या टिपणामुळे. फोटिओसने वाचलेल्या कितीतरी पुस्तकांची हीच गत झाली. पुस्तकं गेली, वाचणाऱ्याने दिलेली हकीकत उरली.

‘मी हे वाचलं, तूही वाच’ असं सांगण्याच्या रिवाजाची पार्श्वभूमी शोधताना मला हा ग्रंथ सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कारण तो कुणासाठी लिहिला आहे हे पहिल्याच पानावर कळतं. पुस्तक सुचवायचं तर पुस्तक ठाऊक असावं लागतं आणि समोरचा माणूसही ठाऊक असावा लागतो. पुढच्या हजार वर्षांत यातली पहिली बाजू वाढत गेली. दुसरी मात्र पुन्हा पुन्हा सुटली आणि वाचकांनी ती पुन्हा पुन्हा जोडून घेतली.

फोटिओसच्याही आधी हे चालू होतंच. रोममध्ये धाकटा प्लिनी या लेखकाला त्याच्या एका स्नेह्याने प्लिनीच्या मामाने लिहिलेल्या सगळ्या पुस्तकांची यादी मागितली होती. प्लिनीने ती क्रमवार दिलीच, शिवाय मामा जेवताना आणि प्रवासातही पुस्तकं वाचून घेऊन टिपणं कशी करायचा, तेही लिहिलं. फोटिओसनंतर शंभरेक वर्षांनी, ९८७च्या सुमारास, बगदादमध्ये इब्न अल-नदीम या पुस्तकविक्रेत्याने अरबी भाषेत उपलब्ध असलेल्या ग्रंथांची प्रचंड सूची रचली. ती सूचीच असली तरी ग्रंथकारांविषयीच्या बारीकसारीक माहितीने भरलेली आहे. हातात पुस्तक घेऊन गिऱ्हाइकाशी बोलणारा माणूस त्यात जागोजागी जाणवतो.

वाचून संपलेल्या पुस्तकाविषयी सांगणं वेगळं आणि वाचता वाचता मध्येच सांगणं वेगळं. या दुसऱ्या प्रकाराचा सुरेख नमुना सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये सापडतो. मादाम द सेव्हिन्ये यांची मुलगी लग्नानंतर दूर प्रोव्हान्सला गेली आणि आईने तिला पत्रं लिहायला सुरुवात केली. १६७१च्या उन्हाळ्यात त्या ब्रिटनीतल्या आपल्या वाड्यावर होत्या आणि ला काल्प्रनेद या लेखकाची अनेक खंडांची एक शौर्यकादंबरी वाचत होत्या. मुलीला त्या लिहितात की याची शैली ठिकठिकाणी भयंकर आहे, तरी चिकट सापळ्यात पाखरू अडकावं तशी मी यात अडकले आहे. भावनांचा आवेग, मोठमोठे प्रसंग, तलवारीचे अचाट पराक्रम यांनी त्यांना ओढून नेलं होतं. शैलीचे दोष दिसत असूनही पुस्तक खाली ठेववत नाही, ही अवस्था प्रत्येक वाचकाने अनुभवलेली असते. पण छापील परीक्षणात ती क्वचितच येते, कारण परीक्षण लिहीपर्यंत माणूस सावध झालेला असतो. पुस्तक अजून हातात असताना जे बोललं जातं त्याला वेगळीच धग असते, म्हणून ‘सध्या काय वाचतोय’ हे सांगणं मला परीक्षणाहून कमी दर्जाचं कधीच वाटलेलं नाही.

याच काळात छापील परीक्षणाचाही जन्म झाला. ५ जानेवारी १६६५ रोजी पॅरिसमध्ये देनी द सालो यांनी ‘जुर्नाल दे साव्हां’ हे नियतकालिक सुरू केलं. युरोपात कुठे काय नवं छापलं जातंय आणि त्यात काय आहे, हे वाचकांना कळवणं हा त्याचा मुख्य उद्देश होता. शेरे परखड असल्यामुळे माणसं दुखावली आणि तीनच महिन्यांत ते बंद पडलं. पुढच्या वर्षी नव्या संपादकाच्या हाती ते पुन्हा निघालं. लंडनमध्ये १७४९ साली ‘मंथली रिव्ह्यू’ सुरू झालं, ते काढणारे राल्फ ग्रिफिथ्स स्वतः पुस्तकविक्रेते होते. पुस्तक विकणारा आणि पुस्तक कसं आहे ते सांगणारा एकच, ही अडचण म्हणजे काही आजची नाही.

परीक्षणाने एक मोठं काम केलं: पुस्तकाची बातमी अनोळखी माणसापर्यंत पोचवली. त्याबरोबर एक गोष्ट हातची गेली. लिहिणाऱ्याला आता वाचणारा माहीत नव्हता. ती पोकळी वाचकांनी आपापसांत भरून काढली, ती मंडळं काढून. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन आणि त्याच्या मित्रांचा १७२७ पासून एक चर्चागट होता. त्यांनी प्रत्येकाची पुस्तकं एका खोलीत एकत्र आणून ठेवायचं ठरवलं. कुणीही हवं ते घरी न्यावं. वर्षभरात हा बेत मोडला, कारण पुस्तकांची नीट निगा राहीना, आणि जो तो आपली पुस्तकं परत घेऊन गेला. १७३१ साली त्यातूनच ५० वर्गणीदारांचं ग्रंथालय उभं राहिलं. पहिली खरेदी करताना काय मागवावं, असा प्रश्न आला. तेव्हा ही तरुण मंडळी गावातल्या जेम्स लोगन या व्यासंगी गृहस्थाचा सल्ला घ्यायला गेली आणि यादी लंडनला रवाना झाली. ग्रंथालयाच्या पायातच एका वाचकाची शिफारस होती.

जपानमध्ये एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, हे काम फिरत्या माणसांकडे होतं. भाड्याने पुस्तकं देणारे पाठीवर उंच गठ्ठा बांधून दारोदार जात. कोणत्या घरी युद्धकथा लागतात आणि कुठे प्रेमकथा, हे त्यांना ठाऊक असे. वाचकाची आवड लक्षात ठेवणं हा त्यांच्या धंद्याचाच भाग होता.

‘वाचायची आहेत’ आणि ‘वाचून झाली’ अशा दोन याद्या ठेवायची सवयही जुनीच. चार्ल्स डार्विन यांनी १८३८ पासून १८६० पर्यंत वह्यांमध्ये नेमक्या अशाच दोन याद्या ठेवल्या. पहिल्या यादीत कुणीतरी सुचवलेली, कुठेतरी उल्लेख आढळलेली पुस्तकं जमत जायची, आणि दुसरीत अधूनमधून एखादा त्रोटक शेराही पडायचा.

विसाव्या शतकात सुचवण्याचा व्यवसाय झाला. अमेरिकेत १९२६ साली ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ निघाला. पाच नामवंतांची समिती दर महिन्याला एक पुस्तक निवडायची आणि सभासदाने वेळेत नको म्हणून कळवलं नाही तर ते टपालाने घरी यायचं. पहिली निवड सिल्व्हिया टाउनसेंड वॉर्नर या तेव्हा फारशा कुणाला माहीत नसलेल्या लेखिकेची पहिलीच कादंबरी होती, हे समितीच्या बाजूने सांगायला हवं. पण सगळ्यांना एकच पुस्तक, हा मूळ हिशेब होता. टीकाकारांचं म्हणणं होतं की यामुळे वाचकांची अभिरुची एका साच्याची होईल. जिथे जवळपास पुस्तकाचं दुकान नाही अशा ठिकाणच्या माणसाला मात्र या क्लबाने पुस्तक मिळवून दिलं. मला ही दुसरी बाजू जास्त वजनदार वाटते.

त्याच सुमारास ग्रंथपाल उलट्या दिशेने विचार करत होते. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात जेनी फ्लेक्सनर १९२९ पासून वाचकांना समोर बसवून त्यांच्याशी बोलत आणि त्या एकाच माणसासाठी यादी तयार करून देत. १९३१ साली एस. आर. रंगनाथन यांनी मद्रासहून ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम प्रसिद्ध केले. त्यातला दुसरा नियम प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं असं सांगतो आणि तिसरा प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असं. ग्रंथपाल होण्यापूर्वी रंगनाथन गणित शिकवत. दोन्ही बाजूंनी समीकरण पुरं व्हायला हवं हे त्यांनी पाहिलं. कपाटात वर्षानुवर्षं पडून असलेल्या पुस्तकाचाही कुणी वाचक आहे आणि त्याला शोधणं हे ग्रंथपालाचं काम आहे, ही कल्पना मला आजही फार मोठी वाटते.

पण पुस्तक सुचवणं किती जोखमीचं होऊ शकतं हे पाहायचं तर सोव्हिएत संघाकडे वळावं लागतं. तिथे १९५०च्या दशकापासून सेन्सॉरने न छापू दिलेलं साहित्य ‘समिझदात’ म्हणून हातोहात फिरू लागलं. टाइपरायटरवर पातळ कागद आणि त्यांच्यामध्ये कार्बन ठेवून एका वेळी चार-पाच प्रती निघायच्या. शेवटची प्रत इतकी फिकट की अक्षरं लावून लावून वाचावी लागत. अनेकदा हस्तलिखित एका रात्रीपुरतंच मिळायचं. मग घरातली माणसं भोवती बसायची आणि एकाने वाचून झालेलं पान दुसऱ्याकडे सरकवायचं. आवडलं तर स्वतः टाइप करून आणखी प्रती काढायच्या आणि पुढे द्यायच्या. यासाठी नोकरी जाऊ शकत होती, तुरुंगवासही होऊ शकत होता. त्यामुळे ‘हे वाच’ म्हणताना समोरच्याला पुस्तक आवडेल का, एवढाच प्रश्न नसायचा. या माणसावर माझी सुरक्षितता सोपवता येईल का, हे आधी ठरवावं लागायचं. त्या साखळीतला प्रत्येक जण वाचक होता, नकलकार होता, वितरकही होता. जाहिरात नाही, परीक्षण नाही, दुकान नाही, तरी पुस्तकं देशभर पोचली. इतिहासात वाचकाच्या शब्दाला याहून जास्त किंमत क्वचितच आली असेल.

दूरचित्रवाणीने हाच शब्द लाखो घरांत नेला. सप्टेंबर १९९६ मध्ये ओप्रा विन्फ्री यांनी आपल्या कार्यक्रमात वाचकगट सुरू केला, तोही एका नव्या लेखिकेच्या पहिल्या कादंबरीपासून. त्यांनी नाव घेतलेली पुस्तकं प्रचंड खपू लागली. १९९८ साली सिएटलमध्ये ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी सगळ्या शहराने एकाच वेळी एकच कादंबरी वाचावी असा उपक्रम घेतला आणि पुढे अनेक शहरांनी तो उचलला.

यंत्राने पुस्तक सुचवण्याची सुरुवात मात्र याच्या कितीतरी आधीची आहे, आणि ती फार लोभस आहे. १९७९ साली एलेन रिच या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी ‘ग्रंडी’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. तो ग्रंथपालाची भूमिका करायचा. तुम्ही स्वतःचं काही शब्दांत वर्णन करायचं, त्यावरून तो तुमच्याविषयी अंदाज बांधायचा आणि एखादी कादंबरी सुचवायचा. नको म्हटलंत तर का नको ते विचारायचा आणि आपला अंदाज सुधारायचा. शिफारस करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या प्रणालींपैकी एकीने कादंबऱ्याच निवडाव्यात, आणि आधी माणसाला बोलतं करावं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

पुढच्या यंत्रांनी विचारणं सोडलं. १९९५ साली ॲमेझॉनने पुस्तकविक्री सुरू केली आणि थोड्याच वर्षांत तिथली शिफारस एका वस्तूबरोबर दुसरी कोणती घेतली जाते यावर चालू लागली. यात वाचक कोण, त्याला पुस्तक आवडलं का, हे कळायची गरजच उरत नाही. भेट म्हणून घेतलेलं पुस्तकही तुमची आवड म्हणून मोजलं जातं. वाचकांच्या अभिप्रायांचीही परीक्षा झाली. २००४ साली याच कंपनीच्या कॅनडातल्या संकेतस्थळावर काही काळ निनावी अभिप्राय देणाऱ्यांची खरी नावं दिसू लागली आणि काही लेखकांनीच स्वतःच्या पुस्तकांना वाखाणलं होतं हे उघड झालं.

मग वाचकांनी आपल्या पुस्तकांची नोंद ठेवायची संकेतस्थळं निघाली: २००५ मध्ये लायब्ररीथिंग आणि २००७ मध्ये गुडरीड्स आलं. गुडरीड्सने प्रत्येक सभासदाला तीन कप्पे दिले: वाचलेली, वाचत असलेली, वाचायची. यातला मधला कप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण अर्ध्यावर असलेल्या वाचकाला त्याने बोलायची जागा दिली. २०१३ साली ॲमेझॉननेच गुडरीड्स विकत घेतलं. तारांकनाची पद्धत मात्र मला कधी पटली नाही. पाचांपैकी तीन तारे हे सांगत नाहीत की पुस्तक कुणाला आवडेल. छापूनही न झालेल्या पुस्तकांवर एकेक ताऱ्याचा मारा होतो. २०२३ साली एका प्रसिद्ध लेखिकेने अशाच गदारोळानंतर आपल्या आगामी कादंबरीचं प्रकाशन थांबवलं. उलट, २०२० नंतर टिकटॉकवर तरुण वाचक पुस्तक हातात धरून, डोळे पुसत बोलू लागले, तेव्हा दहा-दहा वर्षांपूर्वीच्या कादंबऱ्या पुन्हा खपाच्या याद्यांत आल्या. त्या वाचकांनी पुस्तकाची रचना समजावली नव्हती, आपली अवस्था दाखवली होती.

नॅन्सी पर्ल यांनी पुस्तकात शिरायचे चार दरवाजे सांगितले आहेत: कथानक, पात्रं, स्थळकाळ आणि भाषा. कुणी कोणत्या दरवाजातून शिरतो हे कळलं की त्याला काय द्यावं हे बरंचसं कळतं. आज अनेक ग्रंथालयं वाचकाकडून छोटी प्रश्नावली भरून घेतात आणि ग्रंथपाल ती वाचून त्या माणसापुरती यादी पाठवतात. अलीकडे आवडलेलं पुस्तक कोणतं, त्यातलं नेमकं काय आवडलं, आणि अर्ध्यावर सोडलेलं कोणतं, असे प्रश्न त्यात असतात. यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लोक भरभरून लिहितात आणि यादी करणाऱ्याला सर्वांत जास्त मदत त्याचीच होते.