आधी अंगठा कुणाचा घेतला

मागच्या उन्हाळ्यात अंबाजोगाईला एका मित्राच्या गच्चीवर आम्ही सातआठ जण कथा वाचायला बसलो होतो, लाईट गेलेली, मोबाईलच्या उजेडात वाचन चालू. एका पोराने भविष्यातली कथा लिहून आणलेली, साल २०८०, गावात जेवण पाहिजे तर मशीनवर बोट ठेवायचं, मशीनने ओळखलं तर ताट, नाही ओळखलं तर तुम्ही जित्ते असून नाहीच. आम्ही सगळे वा वा करायलोय आणि मागून मित्राची मावशी, आठ दिवसांपूर्वीच कारखान्यावरून आलेली, म्हणाली, "हे पुढचं कामून म्हणायलास बाबा, परवा माझाच अंगठा येईना गेला रेशनला, दोनदा माघारी आले."

गच्चीवर एकदम शांतता. पोरगं बिचारं कागदाकडं बघत बसलं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हेच घोळतंय की डिस्टोपियाच्या गोष्टी, म्हणजे पुढं सगळं वाईट होणार छापाच्या, लिहिणारे लोक हे सगळं आणतात कुठून? आपल्याला वाटतं कल्पनाशक्ती. थोडं मागं जाऊन वाचलं तर कळतं की बहुतेक माल तयारच होता, फक्त तो ज्यांच्यावर वापरला ते गोष्टी वाचणाऱ्यांतले नव्हते.

अंगठ्यापासूनच बघू. १८५८ साल, बंगालमधलं जंगीपूर. विल्यम हर्शेल नावाचा पंचविशीतला इंग्रज अधिकारी, त्याला रस्त्यावर टाकायला माल पाहिजे होता, आपल्या भाषेत खडीच म्हणा, तर राज्यधर कोनाई नावाच्या माणसाशी त्याने करार केला आणि कागदावर त्याच्या अख्ख्या पंजाचा ठसा उमटवून घेतला. आता हे ओळख पटवायला घेतलं असेल असं वाटतं ना? नाही. हर्शेलने पुढं स्वतःच लिहून ठेवलंय की त्याला भीती घालायची होती, उद्या हा माणूस ही सही माझी नाहीच म्हणून पलटू नये. म्हणजे आधी धाक आला, शास्त्र मागून. नंतर १८७७ च्या सुमारास हुगळीला त्याने पेन्शनवाल्यांचे, दस्त नोंदवणाऱ्यांचे आणि कैद्यांचे ठसे घेणं चालू केलं. मेलेल्या माणसाच्या नावावर नातेवाईक पेन्शन उचलतात हा तेव्हाचा संशय, आणि बोगस लाभार्थी हा आजचा शब्द, दीडशे वर्षांत संशय तसाच्या तसा.

लाखभर ठशांतून एक ठसा हुडकायचा कसा हे कोडं सुटलं तेही इथंच. एडवर्ड हेन्री बंगालचा पोलिस महानिरीक्षक, पण वर्गीकरणाचं खरं गणित बसवण्यात त्याच्या हाताखालच्या अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा. १८९७ ला कलकत्त्यात फिंगरप्रिंट ब्युरो उघडला, स्कॉटलंड यार्डात तो १९०१ ला गेला. लंडनच्या आधी कलकत्ता. आणि नाव काय पडलं, हेन्री सिस्टिम. जाऊ द्या.

ह्याच काळात दुसरी गोष्ट चालू होती आणि मला विचाराल तर जगातली कुठलीही डिस्टोपिया कादंबरी हिच्यापुढं फिकी आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्माला आलात म्हणजे गुन्हेगार, असा साधा सरळ हिशोब. नाव रजिस्टरला, ठरल्या वेळी हजेरी, गावाबाहेर जायचं तर पास, पास नसताना सापडलात तर शिक्षा. १९११ ला कायदा वाढवला तेव्हा नोंदवलेल्या माणसांचे ठसे घ्यायचा अधिकारही त्यात आला. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाचं सेटलमेंटच होतं. मराठवाडा तेव्हा निजामाकडं, त्यामुळं इंग्रजांचा कायदा जसाच्या तसा आपल्याकडं लागू नव्हता, पण सोलापूर तुळजापूरपासून किती लांब आहे सांगा बरं, आणि पारधी, कैकाडी, टकारी ह्यांना शीव कुठली कळायची. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला, म्हणून तो विमुक्त दिन. कायदा गेला पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि चोरी झाली की पोलिसांची गाडी आधी कुठल्या पालावर जाते हे आपल्याकडच्या कुणालाही विचारा.

निजामाचं म्हणाल तर तिथं पाळत ठेवायला मशीन लागतच नव्हतं. गश्ती नंबर ५३ म्हणून एक हुकूम होता, सभा घ्यायची तर आधी परवानगी. आमच्या आज्जीच्या पिढीतले लोक भिंतीला कान असतात हे म्हण म्हणून नाही, सूचना म्हणून सांगायचे. १९३७ ला परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं, ते कसल्या दबावाखाली झालं असेल ह्याचा अंदाज करा.

आता लेखकांकडं येऊ, कारण त्यांनी हे उचललं कसं ते बघण्यासारखं आहे. येवगेनी झाम्यातिन, रशियन. पेशाने जहाजं बांधणारा इंजिनियर. १९१६-१७ ला तो इंग्लंडच्या गोद्यांत बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या कामावर होता, आणि तो काळ म्हणजे अमेरिकेतल्या टेलर साहेबाच्या स्टॉपवॉचचा, मजुराचा हात किती सेकंदात उठतो आणि किती सेकंदात खाली येतो ते मोजायचं. झाम्यातिनने रशियात परतून १९२०-२१ मध्ये जी कादंबरी लिहिली तिच्यात माणसांना नावंच नाहीत, नंबर आहेत, घरं काचेची, आणि दिवसाचा प्रत्येक तास टेबलात छापलेला. ती इंग्रजीत १९२४ ला आली, त्याच्या स्वतःच्या देशात १९८८ ला. कारखान्यातली हजेरी त्याने अख्ख्या देशाला लावून दाखवली, एवढंच.

आणि इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल. ‘१९८४’ कादंबरीतलं मोठा भाऊ बघतोय हे वाक्य ज्याच्यामुळं जगभर झालं तो जन्मला बिहारात, मोतिहारीला, १९०३ मध्ये, बाप अफू खात्यात. १९२२ ते २७ तो स्वतः ब्रह्मदेशात इंग्रजांचा पोलिस अधिकारी होता. म्हणजे नजर ठेवणाऱ्यांच्या बाजूने बसून त्याने पाच वर्षं काढलेली. पुढं युद्धात बीबीसीच्या भारतासाठीच्या कार्यक्रमांवर कामाला, तिथं प्रत्येक शब्द सेन्सॉरखालून जायचा. आणि गंमत म्हणजे इंग्लंडचे पोलिस ह्याच्यावरच पाळत ठेवून होते, त्या फायली २००७ ला खुल्या झाल्या. लोक म्हणतात त्याने रशिया बघून लिहिलं. असेलही, पण पोलिस ठाणं त्याने आपल्याकडचंच बघितलेलं.

गोल तुरुंगाचं उदाहरणही सगळे देतात, मधल्या मनोऱ्यातून सगळे कैदी दिसतात पण कैद्याला पहारेकरी दिसत नाही, जेरेमी बेंथमची आयडिया. मूळ आयडिया त्याच्या भावाची, सॅम्युएलची, १७८० च्या दशकात तो रशियात एका जमीनदाराच्या इस्टेटीवर होता आणि त्याला कैदी नाही, कामगार नजरेत ठेवायचे होते. बघा, फिरून गाडी मजुरावरच येते.

यादीचं पण तसंच. हर्मन होलेरिथने अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी भोकं पाडलेल्या कार्डांचं मशीन काढलं, कल्पना सुचली म्हणे रेल्वेच्या कंडक्टरवरून, तिकीट चोरून दुसऱ्याने वापरू नये म्हणून कंडक्टर तिकिटाच्या कडेला भोकं पाडून प्रवाशाचे केस कसे, डोळे कसे, नाक केवढं ते टिपायचा. यादी करणं वाईट नाही हो. पण नेदरलँडमध्ये लोकांची नोंद इतकी व्यवस्थित होती, धर्मासकट, की नाझी आले तेव्हा ज्यू शोधायला त्यांना फार पळावं लागलं नाही. मार्च १९४३ ला तिथल्या भूमिगत लोकांनी ॲमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयालाच आग लावली, सरकारी कागद जाळले म्हणून त्यांतल्या बाराजणांना गोळ्या घातल्या. यादी करणारा कारकून प्रामाणिकच होता.

आता आपल्याकडं. १९७२ चा दुष्काळ. आमच्या घरात अजून त्याच्यावरून वर्षं मोजतात. दुष्काळी कामं निघाली, बाया खडी फोडायला, सुकडी खायला, आणि हप्त्याला मस्टरवर अंगठा. जंगीपूरला खडीच्या कागदावर पंजा, इथं खडी फोडणारीचा अंगठा, मला हे वाचताना जरा कसंतरीच झालं. त्यातून रोजगार हमीचा कायदा झाला, १९७७ चा, आणि तो चांगलाच कायदा होता, ह्याबद्दल माझं दुमत नाही, लोक जगले त्याच्यावर. पण मस्टर म्हणजे बोगस नावं, मुकादमाचा भाचा पुण्यात आणि हजेरी बांधावर, हेही सगळ्यांना माहीत. मग उपाय काय काढला तर ॲप. १ जानेवारी २०२३ पासून मनरेगाच्या कामांवर मोबाईलने हजेरी सक्तीची केली, दिवसातून दोनदा मजुरांचा लोकेशनसकट फोटो. रेंज नसली की बाया उन्हात उभ्या, फोटो अपलोड होईना, हजेरी नाही तर मजुरी नाही. आणि चोरी थांबली का? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास खात्यानेच पत्र काढलं की ॲपवर भलतेच फोटो चढायलेत, फोटोचे फोटो काढून टाकायलेत, एकच फोटो कैक मस्टरांना लावायलेत. चोर फोटो काढायला शिकला आणि उन्हात उभी राहणारी तशीच उभी. हे एखाद्या कथाकाराने लिहिलं असतं तर संपादक म्हणाला असता जरा अति होतंय.

आधारचं तर सगळ्यांना ठाऊकच आहे, २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिले नंबर वाटले, आदिवासी गाव. पुढं कोर्टकचेऱ्या. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, तो खटला कर्नाटक हायकोर्टातून रिटायर झालेल्या पुट्टस्वामींनी टाकलेला. पण २०१८ चा निकाल नीट वाचा. बँक खात्याला आधार जोडायची सक्ती काढली, सिमकार्डाला काढली, खाजगी कंपन्यांना मागता येणार नाही म्हटलं. अनुदानाला, रेशनला मात्र ठेवली. म्हणजे माझ्यासारख्याचा अंगठा सुटला, मावशीचा अडकलेलाच. आणि तिचाच अंगठा झिजलेला, कारण सहा महिने ऊस सोलून, मोळ्या बांधून रेषा राहतात कुठं. ज्याच्या हाताला जास्त काम त्याचं बोट मशीनला कमी दिसतं, ह्याच्यावर कुणी अजून कथा का लिहिली नाही मला कळत नाही.

कॅमेऱ्याचं थोडक्यात सांगतो. सीसीटीव्ही अगदी सुरुवातीला लागला तो १९४२ मध्ये जर्मनीत, रॉकेट उडताना जवळ उभं राहणं धोक्याचं म्हणून. चोर बिर कुणाच्या डोक्यात नव्हते. आपल्या औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं नाव स्मार्ट सिटीच्या यादीत २०१६ ला आलं, मग चौकाचौकात कॅमेरे आणि एक कंट्रोल रूम. पोरी म्हणतात बरं वाटतं रात्री, आणि मी त्यांना खोटं कसं म्हणू. कॅमेरा नुसता बघतो तोवर ठीक, तो चेहरा ओळखायला लागला की विषय बदलतो. २०१८ मध्ये अमेरिकेत जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू ह्या दोघींनी चेहरा बघून बाई की पुरुष सांगणारी कंपन्यांची सॉफ्टवेअरं तपासली, गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्या आत आणि सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. डेट्रॉईटच्या पोलिसांनी २०२० मध्ये एका काळ्या माणसाला सॉफ्टवेअरने चेहरा चुकीचा जुळवला म्हणून घरासमोरून उचलून नेलं, पोरीबाळींसमोर. दिल्ली पोलिसांनी माहिती अधिकारात सांगितलंय की ८० टक्के जुळलं की आम्ही जुळलं धरतो. ८० टक्के! बारावीला ठीक आहे.

चीनच्या सोशल क्रेडिटबद्दल व्हॉट्सॲपवर जे फिरतं, प्रत्येक माणसाला एक मार्क आणि मार्क कमी झाले की रेल्वे बंद, ते तितकंसं खरं नाही. अख्ख्या देशाला एकच स्कोअर असं काही तिथं नाही, वेगवेगळ्या काळ्या याद्या आणि गावोगावचे प्रयोग आहेत. खरं भयंकर आहे ते चीनच्याच शिनजियांग प्रांतात, तिथल्या उइगूर मुसलमानांवर, फोन, चेकपोस्ट, वीजबिल सगळं एका सिस्टिममध्ये टाकून संशयित काढतात. पण त्याच्यावर फॉरवर्ड येत नाहीत.

फोनचं काय बोलायचं, २०१३ ला स्नोडेनने अमेरिकेच्या हेरखात्याचे पाळतीचे कागद फोडले, २०२१ ला फोनमध्ये शिरणाऱ्या पेगॅसस ह्या हेर सॉफ्टवेअरच्या निशाण्यावरच्या नंबरांची यादी आली, दोन्ही वेळा आपण आठवडाभर चर्चा केली. टॅपिंगसाठी तर १८८५ चा टेलिग्राफ कायदा परवापरवापर्यंत पुरला.

त्या पोराने कथा परत लिहायला घेतली आहे. साल काढून टाकलं. मधे तो मावशीबरोबर रेशन दुकानावर जाऊन दोन तास बसून आला, वही घेऊन. म्हणाला माझ्या कथेत मशीन लाल होतं, सायरन वाजतो, तिथं तर तसलं काहीच नाही. ती पदराने अंगठा पुसती, डोक्याच्या तेलाला लावती, परत ठेवती, दुकानदार पण वाईट माणूस नाही, तोच म्हणतो डावा लावून बघा, मधलं बोट लावून बघा. आणि मशीनवर काय आलं ते ती विचारते तेव्हा तो वाचून दाखवत बसत नाही, म्हणतो सर्व्हर डाऊन दिसायलंय, उद्या या.

सायरन त्याने काढून टाकलाय. त्याच्या मशीनला आता तेवढंच बोलता येतं, उद्या या.