रॉबिसन काउंटी : लोकसंख्येची वांशिक घडण

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्याच्या आग्नेय भागातील, साउथ कॅरोलायनाच्या सीमेला लागून असलेली ग्रामीण काउंटी (जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग). क्षेत्रफळ सु. २,४६० चौ. किमी.; लोकसंख्या १,१६,५३० (२०२०). मुख्य ठाणे लंबर्टन. ब्लेडन काउंटीचे विभाजन होऊन १७८७ मध्ये ती अस्तित्वात आली आणि स्वातंत्र्ययुद्धातील सेनानी कर्नल टॉमस रॉबिसन यांचे नाव तिला मिळाले. (हे नाव छापील वर्णांवरून ‘रोबसन’ असे वाचले जाते, स्थानिक उच्चार ‘रॉबिसन’.) प्रदेश सपाट, पाणथळ, लंबर नदी आणि तिला मिळणाऱ्या दलदलींनी चिरलेला. लोकवस्तीच्या इतिहासात या दलदलींना महत्त्व आहे, कारण अठराव्या शतकात भूमापक आणि करवसुली करणारे अधिकारी त्यांच्या काठाशीच थबकत.

अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेत लोकसंख्येची विभागणी बहुधा गोरे आणि कृष्णवर्णीय अशा दोन रकान्यांत उरकते. रॉबिसनमध्ये रकाने तीन आहेत आणि त्यांपैकी एकालाही बहुमत नाही. २०१० च्या जनगणनेत एकूण १,३४,१६८ लोकांपैकी सु. ३८ टक्के अमेरिकन इंडियन (अमेरिकेचे मूळ रहिवासी; पुढे ‘इंडियन’), २९ टक्के गोरे व २४ टक्के कृष्णवर्णीय होते. लॅटिन अमेरिकी मूळ असलेले सु. ८ टक्के, पण जनगणनेत हा प्रश्न वंशाच्या प्रश्नाहून वेगळा विचारला जात असल्याने हा आकडा वरच्या आकड्यांत मिळवू नये. आशियाई एक टक्क्याहून कमी. इंडियनांपैकी बहुतेक सर्व लम्बी जमातीचे असून मिसिसिपी नदीच्या पूर्वेस ही सर्वांत मोठी जमात मानली जाते (नोंदणीकृत सदस्य सु. ५५,०००). त्यांची दाट वस्ती पेम्ब्रोक गावाभोवती आहे. त्यांच्यासाठी राखीव भूमी कधीच नव्हती. जमीन प्रथमपासून खासगी मालकीची राहिली.

लम्बींच्या उगमाचा वाद : काउंटीच्या लोकसंख्येवरील बहुतेक लेखन या एकाच प्रश्नाने व्यापले आहे. सर्वांत लोकप्रिय मत स्थानिक आमदार हॅमिल्टन मॅकमिलन यांनी १८८० च्या दशकात मांडले. १५८७ मध्ये रोअनोक बेटावर उतरलेली इंग्रज वसाहत नाहीशी झाली. १५९० मध्ये परतलेले वसाहतीचे गव्हर्नर जॉन व्हाइट यांना कुंपणाच्या खांबावर ‘क्रोआटोअन’ हा शब्द कोरलेला दिसला. हे वसाहतवाले क्रोआटोअन इंडियनांत मिसळले आणि त्यांचे वंशज दक्षिणेकडे सरकत लंबर नदीकाठी आले, असे मॅकमिलन यांचे प्रतिपादन होते. आधार दोन : आडनावांतील साम्य आणि बोलीतील जुनी इंग्रजी वळणे. या मताच्या जोरावर १८८५ मध्ये राज्याने या लोकांना ‘क्रोआटन इंडियन’ म्हणून मान्यता दिली व स्वतंत्र शाळा मंजूर केल्या. मात्र लॉकलिअर, ऑक्सेंडाइन, चेव्हिस ही आज लम्बींची ओळख झालेली आडनावे १५८७ च्या यादीत सापडत नाहीत. शिवाय ज्या बोलीला एलिझाबेथकालीन म्हटले गेले, तिच्यातील बरीच रूपे स्कॉट वसाहतींच्या व आसपासच्या ग्रामीण इंग्रजीतही आढळतात.

दुसरे मत सूअन (उत्तर अमेरिकेतील एक भाषाकुल) भाषिक जमातींचे. १९३३ मध्ये जॉन स्वॉन्टन या मानवशास्त्रज्ञाने लम्बींचे पूर्वज प्रामुख्याने चेरॉ, कीॲवी व त्यांच्याशी संबंधित लहान गट असावेत असे सुचविले. देवीच्या साथी आणि गुलामांसाठी पडणारे छापे यांतून उरलेली माणसे अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात या दलदलींच्या आश्रयाला आली असावीत, असा या मताचा गाभा आहे. १७११–१३ च्या युद्धानंतर विखुरलेले टस्करोरा जमातीचे लोकही त्यांत असणे शक्य आहे. चेरोकी उगमाचे मत कौटुंबिक आख्यायिकांवर उभे आहे; राज्याने १९१३ मध्ये या लोकांना ‘रॉबिसन काउंटीचे चेरोकी’ हे नाव दिले, तरी पश्चिमेकडील चेरोकींनी ते कधी मान्य केले नाही. चौथी बाजू वंशावळींची आहे. वंशावळींचे अभ्यासक पॉल हायनेग यांनी करनोंदी व न्यायालयीन कागद तपासून यांतील अनेक घराणी वसाहतकालीन व्हर्जिनियातील मुक्त कृष्णवर्णीय व मिश्र कुटुंबांपर्यंत मागे नेली.

वादाच्या मुळाशी असलेला एक कागद पाहण्याजोगा आहे. १७५४ च्या लष्करी अहवालात ड्राउनिंग क्रीकवर (लंबर नदीचे जुने नाव) पन्नास कुटुंबांचा ‘मिश्र जमाव’ राहतो, तो कायदा जुमानत नाही, सनदेशिवाय जमीन बळकावून बसला आहे व मोकळी जमीन पाहायला आलेल्या भूमापकावर त्याने गोळी झाडली, असे म्हटले आहे. त्याच अहवालात काउंटीत (तेव्हाच्या ब्लेडनमध्ये) इंडियन नाहीत असेही नोंदलेले आहे. एक पक्ष पहिल्या वाक्यावर भर देतो, दुसरा दुसऱ्यावर. ‘मिश्र’ म्हणजे कोण कोण, हे लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही. आणि मालकी हक्क नाकारायचा असेल तर ‘इंडियन नाहीत’ ही नोंद सोयीची होती, हेही विसरता येत नाही. मानवशास्त्रज्ञ कॅरेन ब्लू आणि स्वतः लम्बी असलेल्या इतिहासकार मलिंडा मेनर लोअरी यांच्या लेखनानंतर उगमाची एकच जमात शोधण्याचा आग्रह ओसरला आहे. अनेक लहान गटांचे अवशेष, त्यांत मिसळलेली गोरी व कृष्णवर्णीय माणसे, आणि या सर्वांना बांधणारे नातेसंबंध, अशी मांडणी उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते.

गणनेचा इतिहास : १७९० च्या पहिल्या जनगणनेत हे लोक ‘इतर सर्व मुक्त व्यक्ती’ या रकान्यात गेले, पुढे प्रगणकाच्या नजरेनुसार कधी ‘मुलॅटो’ (गोऱ्या-कृष्णवर्णीय मिश्र वंशाचे), कधी गोरे, नंतर इंडियन. १८३५ च्या राज्यघटना दुरुस्तीने मुक्त बिगर-गोऱ्यांचा मताधिकार काढून घेतला, तेव्हा रकान्याला प्रथमच धार आली. यादवी युद्धात इंडियन तरुणांना किल्ल्यांच्या बांधकामावर सक्तीने नेले जाऊ लागले. मार्च १८६५ मध्ये होम गार्ड या स्थानिक सशस्त्र दलाने ॲलन लोअरी या इंडियन गृहस्थाला व त्यांच्या एका मुलाला गोळ्या घातल्या. दुसरा मुलगा हेन्री बेरी लोअरी याच्या टोळीने पुढची सात वर्षे काउंटी हादरवली. टोळीत इंडियनांबरोबर कृष्णवर्णीय व एक गोराही होता. १८७२ मध्ये हेन्री बेरी नाहीसा झाला. त्याच्या डोक्यावरचे इनाम कुणालाच मिळाले नाही.

विसाव्या शतकात काउंटीत शाळा, स्वच्छतागृहे, चित्रपटगृहातील बसण्याच्या जागा तीन-तीन होत्या. साउथ कॅरोलायनातून आलेल्या ‘स्मायलिंग’ नावाच्या छोट्या गटाला तिन्हींनी सामावून न घेतल्याने चौथी शाळा निघाली. इंडियन शाळेत कुणाला प्रवेश द्यायचा हे इंडियनांचीच एक समिती वंश तपासून ठरवी. तिला ‘ब्लड कमिटी’ म्हणत. १८८७ मध्ये स्थापन झालेले इंडियन अध्यापक विद्यालय हे आजचे पेम्ब्रोक येथील विद्यापीठ होय.

१९३६ मध्ये हार्वर्डचे मानवशास्त्रज्ञ कार्ल सेल्टझर यांनी केंद्र सरकारसाठी, इंडियन म्हणून मान्यता मागणाऱ्या २०९ अर्जदारांची डोकी, नाके, केस व कातडीचा रंग तपासला. २२ जण निम्मे किंवा त्याहून अधिक इंडियन ठरले. सख्ख्या भावंडांपैकी एक पात्र आणि दुसरे अपात्र, असेही घडले. पद्धतीचे मूल्यमापन करायला तेवढे पुरेसे आहे. १९७५ मध्ये अपील न्यायालयाने या २२ जणांचे हक्क कायम असल्याचे मान्य केले. स्वतःला लम्बी न म्हणता टस्करोरा म्हणवणारा लहान गट आजही या निकालाचा दाखला देतो.

‘लम्बी’ हे नाव नदीवरून घेतले असून १९५२ च्या मतदानात ते स्वीकारले गेले. १९५६ च्या केंद्रीय कायद्याने ते मान्य केले, पण त्याच कायद्यात इंडियनांसाठीच्या सेवा यांना मिळणार नाहीत असेही लिहिले. जानेवारी १९५८ मध्ये मॅक्स्टनजवळ हेज पाँड येथे कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेची सभा शेकडो लम्बींनी बंदुका घेऊन उधळली. जीवितहानी झाली नाही. जानेवारी २०२५ मध्ये पूर्ण मान्यतेची योजना आखण्याचा आदेश राष्ट्राध्यक्षांनी काढला.

इतर गट : गोऱ्यांमध्ये हायलँड स्कॉटांचे वंशज प्रमुख; अठराव्या शतकात आलेल्या या लोकांत गेलिक भाषा बराच काळ टिकली. ‘मॅक’ने सुरू होणारी आडनावे इतकी, की मॅक्स्टन गावाचे नावच ‘मॅकचे गाव’ या अर्थाचे. कृष्णवर्णीय हे मुख्यतः टर्पेंटाइन व कापसाच्या मळ्यांवरील गुलामांचे वंशज. मेक्सिको व मध्य अमेरिकेतील स्थलांतरित १९९० नंतर वाढले. त्यांना शेतीबरोबरच कोंबडी व डुकराच्या मांसाच्या कारखान्यांनी खेचले. शेजारच्या ब्लेडनमधील टार हीलचा प्रचंड कारखाना १९९२ चा. २०१० ते २०२० मध्ये लोकसंख्या सतरा हजारांहून अधिक घटली. २०१६ व २०१८ च्या चक्रीवादळांत लंबर्टन पाण्याखाली गेले, हे घट होण्यामागचे एक कारण असावे. कापड गिरण्यांची पडझड त्याआधीची.

ओळख पटवण्याची स्थानिक रीत : जनगणनेत आता प्रत्येक जण आपला वंश स्वतः नोंदवतो. लम्बींमध्ये मात्र अनोळखी माणसाला विचारला जाणारा पहिला प्रश्न वंशाचा नसतो, ‘तुझी माणसं कोण?’ हा असतो. उत्तरात आडनाव पुरत नाही, कारण एका वर्गात लॉकलिअर आडनावाची डझनभर मुले असू शकतात. आजा-आजीचे नाव, चर्च आणि ती माणसे कोणत्या ‘स्वॅम्प’वरची (दलदलीकाठच्या वस्तीतली) हे सांगावे लागते. बोलीत गोड दुधाळ कॉफीला ‘एलिक’ आणि गलोलीला ‘जुव्हेम्बर’ म्हणतात. जुलैच्या आरंभी भरणाऱ्या लम्बी होमकमिंगला बाहेरगावी गेलेले हजारो लोक परततात. तेव्हा मक्याच्या तळलेल्या भाकरीत कॉलर्डची पालेभाजी व डुकराच्या चरबीचा तुकडा घालून केलेल्या सँडविचसाठी रांगा लागतात.