बर्म्युडा म्हणून विकत घेतलेली हरळी

बडोद्यातल्या आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत यंदा एक ठराव आला. मधल्या बागेतलं ‘विदेशी बर्म्युडा गवत’ काढून तिथे देशी काहीतरी लावावं. ठराव मांडणारा मुलगा मनापासून बोलत होता. लॉनला लागणारं पाणी, कमी झालेली फुलपाखरं, सगळं त्याने वाचलेलं होतं. तेवढ्यात मागून एका काकूंनी विचारलं, “मग गणपतीच्या जुड्या कुठून आणायच्या? खंडेराव मार्केटात रांग लावायची का?” काकू गेली कित्येक वर्षं त्याच लॉनच्या कडेने दूर्वा खुडतात. हशा पिकला आणि ठराव पुढच्या बैठकीवर गेला.

काकूंचं बरोबर होतं. नर्सरीवाला ज्याला बर्म्युडा म्हणतो, शेतकरी ज्याला हरळी म्हणतो, हिंदीत जी दूब आणि आमच्या गुजराती शेजाऱ्यांकडे जी ध्रो, ती सगळी एकाच गवताची नावं: सायनोडॉन डॅक्टिलॉन. भाद्रपद शुद्ध अष्टमीला आपल्याकडे दूर्वाष्टमी, तर शेजारी त्याच दिवशी ध्रो-आठम. जिन्याच्या दोन्ही बाजूंना तेच गवत पुजलं जातं आणि मधल्या बागेत त्याला परदेशी ठरवलं जातं. हा घोळ नावांमुळे झाला, आणि तो बराच जुना आहे.

शास्त्रीय नावापासूनच बघू. स्वीडनच्या लिनियसने १७५३ साली या गवताची नोंद ‘पॅनिकम डॅक्टिलॉन’ अशी केली आणि वसतिस्थान म्हणून दक्षिण युरोप लिहून टाकला. त्याच्यासमोर तिकडचे नमुने होते, म्हणून. नामकरणाचा कागद हाच जन्मदाखला धरला तर आपली दूर्वा युरोपियन ठरेल. ‘डॅक्टिलॉन’मागे ग्रीक शब्द आहे तो बोटाचा. या गवताचा तुरा एका बिंदूतून फुटून बोटं पसरावीत तसा उघडतो, म्हणून. पुढे १८०५ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ रिशार याने त्यासाठी वेगळी प्रजाती (जवळच्या जातींचा गट) काढली, ‘सायनोडॉन’, म्हणजे कुत्र्याचा दात. जमिनीखालच्या खोडावरचे टणक, टोकदार कोंब पाहून सुचलेलं हे नाव. उन्हाळ्यात नांगरटीमागे हरळीच्या काशा वेचलेल्या माणसाला ते लगेच पटेल. जुनं नाव मात्र कोशांत टिकून राहिलं. मोनियर-विल्यम्सच्या १८९९ च्या संस्कृत कोशात दूर्वेपुढे अजून ‘पॅनिकम डॅक्टिलॉन’च आहे.

आता बर्म्युडा. अटलांटिकमधली ही बेटं हुआन दे बेर्मुदेस या स्पॅनिश खलाशाच्या नावाने ओळखली जातात. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला तो तिथून गेला. इंग्रजांचं जहाज १६०९ मध्ये खडकावर आदळून तिथे अडकेपर्यंत बेटांवर माणसांची वस्ती नव्हती. हे गवत तिथलं मूळचं नाही, तिथेही ते बाहेरूनच आलं. गंमत म्हणजे खुद्द बर्म्युडात त्याला बर्म्युडा ग्रास म्हणत नाहीत, ‘क्रॅब ग्रास’ म्हणतात. हे नाव दिलं अमेरिकेने, कारण आपल्याकडे ते त्या बेटांवरून आलं अशी तिथल्या लोकांची समजूत.

अमेरिकेत ते आलं कसं, याची एक ठरलेली कथा सगळीकडे छापलेली दिसते: गव्हर्नर हेन्री एलिस याने १७५१ साली ते जॉर्जियातल्या सव्हॅना बंदरात आणलं. टॉमस स्पॉल्डिंग नावाच्या तिथल्या जमीनदाराच्या रोजनिशीवरून ती आली आहे. अडचण एवढीच की एलिस जॉर्जियाचा कारभार पाहायला पोचला तो १७५७ मध्ये. म्हणजे साल तरी चुकलं किंवा माणूस तरी. तरीही वाक्य जसंच्या तसं एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरत गेलं. खात्रीने एवढं म्हणता येतं की १८०७ मध्ये जेम्स मीज याने अमेरिकेवर लिहिताना दक्षिणेकडच्या राज्यांतलं एक महत्त्वाचं गवत म्हणून त्याचा उल्लेख केला. तेव्हा ते तिकडे चांगलंच पसरलेलं होतं.

इतर देशांनीही आपापल्या सोयीने बारसं केलं. दक्षिण आफ्रिकेत ते ‘क्वीक’. ऑस्ट्रेलियात ‘काऊच’, आणि हे नाव तर चक्क उसनं, कारण इंग्लंडमध्ये काऊच म्हणतात ते वेगळंच गवत. तिथून गेलेल्यांना नव्या देशात तसंच चिवट काहीतरी दिसलं, त्यांनी जुनं नाव चिकटवलं. अमेरिकेची लाडकी ‘केंटकी ब्लूग्रास’सुद्धा केंटकीची नव्हे, युरोप-आशियातून वसाहतवाल्यांबरोबर गेलेली. आणि आपल्याकडे नर्सरीत ‘मेक्सिकन लॉन’ म्हणून मिळतं ते बहुधा झोयसिया असतं. त्या प्रजातीचं घर आशिया आणि पॅसिफिकची बेटं, मेक्सिकोशी तिचा संबंध नाही. नर्सरीतल्या पाट्यांवर भूगोल शिकू नये, हे मी स्वतः दोनदा फसल्यावर शिकलो.

मग या गवताचं आपल्याकडचं वय किती? ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात दूर्वा येते, एकदा तिच्या तंतूंची उपमा म्हणून, एकदा ‘फुललेली दूर्वा उगवो’ अशा इच्छेत. यजुर्वेदातला मंत्र तर पूजा सांगणाऱ्या कुठल्याही गुरुजींच्या तोंडून ऐकलेला असेल: ‘काण्डात् काण्डात् प्ररोहन्ती परुषः परुषस्परि’. पेरापेरांतून, कांडाकांडांतून वाढत जाणारी. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात याहून नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही. हे गवत जमिनीवर धावते फाटे सोडतं, जमिनीखाली काशा सोडतं, आणि प्रत्येक पेराला मूळ धरतं. कुदळीने दहा तुकडे केले तर दहा रोपं होतात. अमरकोशाने तिला शतपर्विका, सहस्रवीर्या, रुहा, अनन्ता म्हटलं. अंगणात हा आशीर्वाद, शेतात तोच शाप. हरळी शिरलेला वावराचा तुकडा साफ करताना ‘अनन्ता’चा अर्थ पाठीला कळतो.

युरोपियनांमध्ये तिचं कौतुक केलं ते कलकत्त्याचे न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी. त्यांच्या निधनानंतर छापलेल्या भारतीय वनस्पतींवरच्या टिपणांत ते लिहितात की दूर्वेची फुलं भिंगातून पाहिली तर वाऱ्याच्या झुळकीने हलणारी बारीक माणकं आणि पाचू वाटतात. मी नातीच्या खेळण्यातलं भिंग घेऊन पाहिलं. माणकं म्हणजे जांभळट परागकोश, आणि जोन्सची अतिशयोक्ती फारशी नाही.

पण वेदात नाव आहे म्हणून वनस्पती इथली, एवढा सोपा हिशोब करता येत नाही. चिंच घ्या. ती मूळची आफ्रिकेची, पण इतक्या आधी इथे येऊन रुजली की अरबांनी तिला ‘तम्र हिंदी’, हिंदचा खजूर म्हटलं, आणि लिनियसने शास्त्रीय नावातही ‘इंडिका’ घातलं. जुनं असणं आणि मूळचं असणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

दूर्वेच्या बाबतीत १९६० च्या दशकात जॅक हार्लन आणि योहानेस द वेट यांनी जगभरातून सायनोडॉनचे नमुने जमवून ताडून पाहिले. या प्रजातीतलं वैविध्य आफ्रिकेत सर्वाधिक, म्हणून ‘मूळ आफ्रिकेचं’ हे वाक्य अनेक माहितीपत्रकांत दिसतं. ते अख्ख्या प्रजातीबद्दल ठीक आहे. सायनोडॉन डॅक्टिलॉन ही एक जात मात्र आफ्रिकेपासून दक्षिण युरोप, पश्चिम आशिया आणि भारतापर्यंत आपल्या आपण वाढणारी मानली जाते. लंडनच्या क्यू उद्यानाच्या यादीत तिचा मूळ प्रदेश म्हणून समशीतोष्ण व उपोष्ण जुनं जग आणि थेट ऑस्ट्रेलियापर्यंतचा पट्टा दिला आहे. ऑस्ट्रेलियात तो वाद अजून मिटलेला नाही. अमेरिकेत ती नि:संशय परकी. तेव्हा भारतात दूर्वेला देशी म्हणायला हरकत नाही. माझं मत विचाराल तर जिच्या जवळ जाऊन तीन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी पेरं मोजली, तिच्याकडे आता रहिवासी दाखला मागू नये.

परकी आहे ती लॉनची कल्पना. बडोद्यात तिचा माग सहज काढता येतो. विश्वामित्रीच्या काठी तिसऱ्या सयाजीरावांनी १८७९ मध्ये कमाटीबाग उभी केली. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला, त्याच्या बागा आखल्या क्यूशी संबंधित विल्यम गोल्डरिंगने. बंगळुरूच्या लालबागेमुळे पुढे नाव झालेला जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बिगेलही आधी बडोदा संस्थानातच नोकरीला होता. १९३० च्या दशकात प्रतापसिंहरावांनी राजवाड्याच्या आवारात गोल्फचं मैदान केलं. इंग्लंडातली गारव्यातली गवतं इथल्या वैशाखात जळून जातात. उत्तरेपासून गुजरातपर्यंत मैदानी मुलखातल्या हिरवळी दूबेवरच पोसल्या गेल्या. साहेबाने कल्पना आणली, अंगावर घेतली ती दूर्वेने.

पण ठराव अगदीच चूक नव्हता, ते इथे दिसतं. आज गोल्फ आणि क्रिकेटच्या मैदानांवर बर्म्युडा म्हणून अंथरतात ते बहुतेकदा संकरित गवत असतं. जॉर्जियातल्याच टिफ्टन गावच्या संशोधन केंद्रात ग्लेन बर्टन यांनी दूर्वा आणि दक्षिण आफ्रिकेचं सायनोडॉन ट्रान्सवालेन्सिस यांच्या संकरातून ही वाणं आणली. त्यातलं ‘टिफवे ४१९’ १९६० मध्ये प्रसिद्ध झालं. पातं बारीक, वीण दाट, आणि बी धरत नाही, कारण गुणसूत्रांचे संच तीन. म्हणून ते चटयांनी किंवा फाट्यांनीच लावावं लागतं, कांडाकांडांतून. त्याच्या आई-बापापैकी एक बाजू आपली, दुसरी आफ्रिकेची, जन्म अमेरिकेचा. ते गणपतीला चालेल का, हे काकूंनी मला विचारलं. मी तीन पात्यांचा अंकुर निघतोय ना, एवढंच पाहून हो म्हटलं. गुरुजींना अजून विचारलेलं नाही.

आमच्या बागेत यातलं नक्की कुठलं आहे? जुनं बिल काढून पाहिलं. त्यावर नुसतं ‘बर्म्युडा’ लिहिलंय आणि चौरस फुटांचा हिशोब. माळीकाका दाहोदकडचे आहेत. ते लॉनला दर दोन दिवसांनी पाणी घालतात, आणि तेच गवत कडेच्या गुलाबाच्या वाफ्यात शिरलं की ‘ध्रो पेठी’ म्हणत खुरप्याने उपटून कुंपणापलीकडे टाकतात. तिथे, मोकळ्या प्लॉटवर, ते सध्या सगळ्यात छान वाढलंय. काकू आता तिथूनच खुडतात.