उलार गाडीची साठ वर्षं

शंकरपट, म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत, आटोपला की आमच्या गावात आठ-दहा दिवस दुसरा विषय निघत नाही. तळेगाव दशासरला कोणाची जोडी किती सेकंदांत सुटली, कोणाचा धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, कुठे चुकला, हेच. यंदा मात्र ओट्यावर मधेच पोर्शे 911 ही जर्मन स्पोर्ट्स कार शिरली. इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या मोबाइलवर नव्या मॉडेलचे फोटो दाखवत होता. त्याची तक्रार अशी, की साठ वर्षं तेच तोंड, तीच पाठ, ह्यात नवं ते काय? त्याच्या मित्राचं अगदी उलटं. जे आहे तेच बिघडवत चालले आहेत, म्हणे.

आबाजींनी फोन हातात घेतला. उमेदीत त्यांनी पटात बरीच वर्षं धुरकरीपणा केलेला. विचारलं, "इंजन कुठी हाय याचं?"

"मांगं, आबाजी."

"चाकावर, का चाकाच्याही मांगं?"

"चाकाच्या मांगं."

"मंग हे बंडी उलार हाय नं बे!"

साठ वर्षांचा वाद आबाजींनी एका शब्दात पकडला. बंडीत, म्हणजे बैलगाडीत, पोती मागच्या बाजूला जास्त झाली की धुरा वर उचलला जातो, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहतं. ती उलार बंडी. 911 चं सहा सिलिंडरचं इंजिन मागच्या आसाच्याही पलीकडे टांगलेलं आहे आणि गाडीचं साधारण 60 टक्के वजन मागच्या चाकांवर येतं. 1963 च्या सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गाडी पहिल्यांदा दिसली, तेव्हा नाव 901 होतं. मधे शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर प्यूजोने हक्क सांगितला म्हणून 911 झालं. नाव बदललं, इंजिनाची जागा नाही.

मागे वजन असण्याचा फायदा आपल्याला ठाऊक आहे. पावसाळ्यात काळ्या मातीत रिकामी पिकअप फसली, मागची चाकं नुसती गरगर फिरायला लागली, की चार पोरं डाल्यात चढतात आणि गाडी निघते. चाकावर भार वाढला की पकड वाढते. गाडी जोरात सुटताना भार आणखी मागे सरकतो, म्हणून 911 जागेवरून झेपावते. ब्रेक दाबल्यावर भार पुढे येतो, तरी मागच्या चाकांवर पुरेसा उरतो, म्हणजे चारही चाकं कामाला लागतात.

तोटा वळणावर कळतो. वेगात वळताना घाबरून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की भार पुढे झुकतो आणि मागची चाकं हलकी होतात. जड शेपटाला मात्र सरळच जायचं असतं. मागची पकड सुटली की शेपूट बाहेर झोकांडतं आणि गाडी स्वतःभोवती फिरते. लांब बांबूच्या टोकाला घागर बांधून तो फिरवून पाहा. फिरायला वेळ लागतो, पण एकदा फिरला की थांबवताना मनगट मोडतं. तीच घागर हाताजवळ बांधली तर काही वाटत नाही. वजन किती, याइतकंच ते फिरण्याच्या मध्यापासून किती लांब, यालाही महत्त्व आहे.

कारखान्याने यावर केलेले उपाय वाचताना मला हसू आलं होतं. सुरुवातीच्या काही वर्षांत समोरच्या बंपरच्या आत ओतीव लोखंडाचे ठोकळे बसवले. पुढे 1968 मध्ये मागची चाकंच 57 मिलिमीटर मागे सरकवली, म्हणजे इंजिन तेवढं आसाच्या जवळ आलं. उलार बंडीत धुरकरी पुढे सरकून बसतो किंवा एक पोतं पुढे ओढतो, त्यापेक्षा हे फार वेगळं नाही.

मग इंजिन पुढेच का नाही नेलं? नेलं होतं. 1977 मध्ये त्याच कंपनीने 928 आणली. इंजिन समोर, आठ सिलिंडर, पाण्याने थंड होणारं. 911 हळूहळू बंद करायची, असा बेत होता. सांगतात, की 1981 मध्ये नवे प्रमुख पीटर शुट्झ एका अधिकाऱ्याच्या खोलीत गेले. भिंतीवरच्या तक्त्यात 911 ची रेघ त्याच वर्षी संपत होती. शुट्झनी मार्कर उचलला आणि ती रेघ कागद ओलांडून भिंतीवरून पुढे ओढत नेली. 928 चं उत्पादन 1995 मध्ये थांबलं. अमेरिकेच्या शेवरले कॉर्व्हेटने मात्र दुसरी वाट धरली. 1953 पासून समोर असलेलं इंजिन 2019 मध्ये आणलेल्या आठव्या पिढीत चालकाच्या पाठीमागे, पण मागच्या आसाच्या पुढे आणलं. घागर हाताजवळ आली. हिशेबाने ते बरोबरच आहे. लांबलचक बोनेट गेलं म्हणून जुने लोक खट्टू झाले, तेही समजतं.

911 मधला सगळ्यात मोठा बदल वजनाचा नव्हताच, उष्णतेचा होता. पहिली 34 वर्षं तिचं इंजिन हवेवर थंड व्हायचं. हवेवर थंड होणं म्हणजे काय, हे मी शेजारच्या काकाजींच्या खळ्यात पाहिलंय. त्यांच्या जुन्या ट्रॅक्टरच्या सिलिंडरभोवती पातळ पात्यांच्या रांगा आहेत, मिस्त्री त्यांना फिन म्हणतात. सोयाबीन काढताना उडालेलं कुटार त्या फटींमध्ये जाऊन बसलं आणि भर दुपारी इंजिन तापून बंद पडलं. तालुक्याहून आलेल्या मिस्त्रीने तासभर पेचकसाने फटी कोरल्या. बाकी बिघाड काहीच नव्हता, हवेची वाट तेवढी अडली होती.

हवा उष्णता वाहून नेण्यात फार कमजोर आहे. तेवढ्याच आकारमानाचं पाणी तेवढंच तापवायला साधारण 3,500 पट उष्णता लागते, म्हणजेच पाणी तितकी जास्त उष्णता उचलतं. त्यात धातू आणि हवा यांच्या तापमानात जेवढा फरक, तेवढीच उष्णता हवेत जाणार. आमच्या मे महिन्यातल्या 45 अंशांत तो फरकही आटतो. पोर्शेची अडचण आणखी आतली होती. धूर कमी आणि ताकद जास्त हवी तर प्रत्येक सिलिंडरला चार झडपा लागतात. त्यातल्या धूर बाहेर सोडणाऱ्या दोन झडपांच्या मधला धातूचा अरुंद पूल भयंकर तापतो, आणि तिथवर हवा पोचत नाही. पाण्याला मात्र आतून वाट काढून देता येते. शिवाय पाण्याचं कवच इंजिनाचा गोंगाटही दाबतं, आणि आवाजाचे नियम कडक होत चालले होते. म्हणून 1997 मध्ये आलेली 996 ही पिढी पाण्यावर गेली.

भक्तांनी तेव्हा आकांत केला. तो आवाज गेला! आमच्याकडच्या जुन्या बुलेटवाल्यांसमोर विषय काढून पाहा. गिअर उजव्या पायाखालून डाव्या पायाखाली गेला, ठोका बदलला, हे ते अजून घरातलं कोणी गेल्यासारखं सांगतात.

पण जास्त शिव्या खाल्ल्या त्या डोळ्यांनी. गोल दिव्यांच्या जागी इंडिकेटर पोटात घेतलेले पसरट दिवे आले, आणि पोर्शेच्याच स्वस्त बॉक्स्टरशी तोंडच सारखं झालं. लोक त्यांना तळलेलं अंडं म्हणू लागले. आपल्या भाषेत हाफ फ्राय. कंपनी तेव्हा नुकतीच दिवाळखोरीच्या काठावरून परतली होती, दोन गाड्यांत सुटे भाग सारखे ठेवणं तिला भाग होतं. तरी 996 पावणेदोन लाखांवर विकली गेली. 2004 च्या पुढच्या पिढीत गोल डोळे परत आले, हवेवरचं इंजिन काही आलं नाही. माझ्या मते यात रडण्यासारखं काही नाही. डोळे आवडीनिवडीचे, ते परत आणता येतात. झडपांमधला तापलेला पूल कोणाच्या आवडीचं ऐकत नाही.

पुतण्याला मी हेच सांगत होतो, तर तो म्हणाला, "काका, आता हायब्रीड आली नं." खरं आहे. 2024 मध्ये रस्त्यावरच्या 911 मध्ये पहिल्यांदा हायब्रीडची विजेची मोटर बसली. बॅटरी 1.9 युनिटची, वीजबिलातलं असतं तेच युनिट. तेवढ्यावर 75 वॅटचा छताचा पंखा 25 तास चालेल. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण 12 युनिट ऊर्जा असते, हे पाहिलं की बॅटरी किती इवलीशी ते कळतं. ती गाडी पळवायला नाहीच, टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, लवकर फिरवायला आणि सुटताना धक्का द्यायला आहे.

"वजन केवढं हाय तिचं?" आबाजींनी विचारलं.

"सत्तावीस किलो."

"अन् ठेवली कुठी?"

"समोर. जुनी बॅटरी होती तिथंच."

आबाजींनी फोन परत केला. "म्हंजे पोतं पुढंच हाय अजून," ते म्हणाले, आणि पुन्हा तळेगावच्या जोडीकडे वळले.